तर्जनीचे चौदा टक्के

पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या माणसाची तर्जनी मुळापासून तुटली, तर त्याची कमावण्याची ताकद किती घटते? 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकात उत्तर तयार होते: 14 टक्के. मधले बोट गेले तर 12, अंगठा गेला तर 30. हात उजवा की डावा, हे कोष्टक विचारतच नसे.

आता हिशेब. महिना 22,000 रुपये मिळवणारा, पस्तिशीचा ऑपरेटर धरा. पगाराच्या 60 टक्के, गुणिले वयानुसारचा गुणांक 197.06, आणि त्याचे 14 टक्के. पण 22,000 हिशेबात येतच नसत. 2020 पासून या कायद्यात पगार 15,000 पर्यंतच धरला जाई. त्याआधी जवळजवळ दहा वर्षे तो आकडा 8,000 होता. महागाई वाढत राहिली, मर्यादा जागेवरच. म्हणून हाती येत सुमारे 2,48,000 रुपये. कारकुनाचे बोट गेले असते, तरी टक्केवारी हीच.

खरे तर न्यायालयाने वाट कधीच दाखवून दिली आहे. ओडिशातल्या जेपोर इथे एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार 1968 साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एक हात तर आहे, असा मालकाचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली तो फेटाळला: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण. नुकसानभरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने पक्के केले. पण असा निकाल मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि बोट गमावलेला कंत्राटी कामगार तिथवर पोहोचतोच कुठे? ठेकेदाराने पुढे केलेल्या कागदावर सही करून तो गावाकडची गाडी पकडतो. (हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्याने रद्दच ठरतो. त्याला हे कोण सांगणार?)

पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. ती कितीतरी बरी: उपचारांच्या काळात रोजंदारीच्या 90 टक्के, आणि कायमच्या अपंगत्वासाठी जन्मभर महिन्याला रक्कम. 1923 च्या कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वाला निम्माच पगार मिळे. पण वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी झालेल्यांबरोबर काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या अहवालांतून वारंवार सांगते, की अनेकांना ईएसआय कार्ड अपघातानंतरच मिळते. नोंदणी खरे तर कामावर रुजू होतानाच व्हायला हवी.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कामावर येता-जाता झालेला अपघातही तिने कक्षेत घेतला, हे चांगलेच. मात्र 60 टक्क्यांचे सूत्र तेच. ते असू द्या. बदलायचे आहे ते मोजमाप. अपंगत्वाच्या दाखल्यावर कोणते बोट गेले एवढे लिहून डॉक्टरने मोकळे होऊ नये. हा माणूस काय काम करत होता, ते आता त्याला जमेल का, नसेल तर दुसरे कोणते जमेल, हे तीन रकाने दाखल्यात सक्तीने भरून घ्यावेत, आणि रक्कम ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने कोष्टकाच्या आधी ते वाचावेत.