प्रबंधाचा साज

प्रबंध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आधी त्याचे बाह्यरूप उभे राहते. काळ्या किंवा मरून रेक्झिनची जाडजूड बांधणी, तिच्यावर सोनेरी ठशात उमटवलेले विद्यापीठाचे नाव, विषयाचे लांबलचक शीर्षक आणि त्याखाली संशोधकाचे व मार्गदर्शकाचे नाव. आत काय लिहिले आहे याची चौकशी करणारे थोडे. बांधणी झकास झाली आहे असे म्हणणारे पुष्कळ.

पदव्युत्तर संशोधनाच्या या बाह्यांगाविषयी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने लिहावे, हे कोणाला आगाऊपणाचे वाटेल. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.ला संशोधन प्रकल्प आणला आहे आणि ज्यांना पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह पुरे करायचे आहे त्यांनाही प्रबंधिका लिहावी लागणार आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार तर दोन वर्षांवर आली आहे. तेव्हा आत्ताच बोललेले बरे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रबंधाच्या मांडणीत सजावट आणि शिस्त या दोन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करून बसलो आहोत. सजावटीवर विद्यार्थ्याचा पैसा जातो. शिस्त मात्र त्याला कोणी शिकवीत नाही. ती त्याला येते असे गृहीत धरले जाते. आणि या गृहीताचा फटका ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही त्यांनाच सर्वांत जास्त बसतो.

गेल्या दोन सुट्ट्यांत मी पेणला मावशीकडे राहून एका संगणक-टंकलेखनाच्या दुकानात काम केले. तिथे प्रकल्प येत, क्वचित पीएच.डी.चा प्रबंधही येई. हस्तलिखिताचा गठ्ठा टेबलावर ठेवून विद्यार्थी म्हणे, "फॉरमॅटमध्ये करून द्या." कोणत्या फॉरमॅटमध्ये, असे विचारले तर उत्तर मिळे, "तुम्हाला माहीत असेल ना!" मग दुकानात मागच्या वर्षीच्या कोणाचा तरी प्रबंध उघडायचा, नाव-गाव बदलायचे आणि त्याच साच्यात नवा मजकूर ओतायचा. मागच्याने केलेली चूक पुढच्याच्या प्रबंधात तशीच उतरे. ऋणनिर्देशातली वाक्येसुद्धा पुष्कळदा तीच!

आमच्या पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या बाजूला गणपतीच्या कच्च्या मूर्ती घडतात आणि रंग न देताच बाहेरगावी जातात. रंगकाम तिथला कारागीर करतो. मूर्तीला हे चालते, कारण घडवणारा आणि रंगवणारा हे दोघेही आपापल्या कामात तयार असतात. प्रबंध मात्र कच्चा घडवून रंगवायला दुकानात देता येत नाही. कोणते विधान कोणाच्या आधारावर केले आहे, हे दुकानदाराला कसे कळावे?

खरे पाहता यातले नियम मुळीच गूढ नाहीत. प्रत्येकामागे साधे कारण आहे आणि ते एकदा कळले की पाठांतराची गरज उरत नाही. डावीकडचा समास दीड इंच का? कारण बांधणीत अर्धा इंच कागद आत जातो. दोन ओळींत अंतर का? कारण परीक्षकाला तिथे पेन्सिलीने शेरा लिहायचा असतो. सुरुवातीच्या पानांना, म्हणजे प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना, वेगळे क्रमांक का? कारण ती पाने सर्वांत शेवटी तयार होतात. ती वाढली-घटली तरी मुख्य मजकुराचे क्रमांक ढळू नयेत. मराठी ग्रंथांत याच पानांवर एक, दोन, तीन असे अक्षरी आकडे छापण्याची जुनी रीत आहे. तिसऱ्या प्रकरणातल्या कोष्टकाला ३.१ म्हणायचे, ते अशासाठी की दुसऱ्या प्रकरणात एखादे कोष्टक नव्याने घातले तरी पुढची सगळी खोडावी लागू नयेत. हे सारे आपल्या वर्गात एका तासात सांगून होईल.

अशी कारणे सांगणारी एक बाई शिकागोत होऊन गेली. केट तुराबियन त्यांचे नाव. १९३० पासून त्या शिकागो विद्यापीठात प्रबंध सचिव होत्या. आलेला प्रबंध नियमांत बसतो की नाही हे तपासणे हे त्यांचे काम. रोज त्याच त्या चुका पाहून त्यांनी १९३७ साली विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. तिचे पुढे मोठे पुस्तक झाले आणि आजही जगभर ते वापरले जाते. गंमत अशी की तुराबियनबाईंना स्वतःला आजारपणामुळे कॉलेजात जाता आले नव्हते. जगाला प्रबंध मांडायला शिकवणारी बाई कॉलेजात न गेलेली! तेव्हा हे ज्ञान घराण्यातून यावे लागते असे काही नाही. कोणीतरी बसून ते सोप्या भाषेत लिहून काढावे लागते, एवढेच. आपल्याकडे मराठीत तेवढेही हाताशी नसते.

बाह्यरूपाच्या नियमाची किंमत केवढी असू शकते, याचे उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध १९१७ मध्ये स्वीकारला गेला होता. परंतु त्या काळी तिथला नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठाला दिल्याखेरीज पीएच.डी. मिळायची नाही. छपाईला पैसा हवा. तो प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग कंपनीकडून ग्रंथरूपाने निघायला १९२५ साल उजाडले आणि पदवी रीतसर मिळाली ती ८ जून १९२७ रोजी. त्याच्या अगोदर तीन महिनेही झाले नव्हते, २० मार्चला, आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. प्रबंध पसंत झाल्यापासून पदवी हाती पडेपर्यंत दहा वर्षे!

मात्र त्या नियमालाही कारण होते, हे विसरता कामा नये. छापील प्रती दूरदूरच्या ग्रंथालयांत जाव्यात, नवे ज्ञान एका कपाटात कोंडून राहू नये, हा हेतू. आज ते काम जवळजवळ फुकट होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात देशभरचे लाखो प्रबंध कोणालाही वाचता येतात. रोह्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहता पाहता फोनवर प्रबंध वाचता येतो. मग चार-पाच जाड बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रती परीक्षेच्या आधीच कशाला? दुरुस्त्या निघाल्या की त्या उसवून पुन्हा बांधायच्या! हा खर्च ज्याच्या घरी भातशेतीवर वर्ष निघते, त्याला विचारा.

आता शिस्तीची बाजू पाहू. ती पैशांची नाही, समजुतीची आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तिच्यात एक खास खाचखळगा आहे. कित्येक मराठी प्रबंध अजून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित होतात. कागदावर ते सुरेख दिसतात. पण त्या फाँटच्या अक्षरांमागे संगणकाने साठवलेल्या असतात इंग्रजी कळा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की 'शेतकरी' हा शब्द निरर्थक चिन्हांची ओळ होऊन बसतो. संदर्भसूची वर्णानुक्रमे लावायला सांगितली तर भलताच क्रम लागतो. शोध घेतला तर सापडत नाही. म्हणजे वर्षानुवर्षे खपून लिहिलेला प्रबंध यंत्राच्या लेखी मराठीतच नसतो. युनिकोडमध्ये टंकलेखन केले तर यातली एकही अडचण येत नाही. मग फक्त एवढे पाहायचे की 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटताहेत ना, कारण पुष्कळ फाँट ते हिंदी वळणाने काढतात. आपल्या शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आहे. तिच्यात मराठी वळणेच आहेत.

दुसरी शिस्त उसनवारीची. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य निघाले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० निघाले तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. नियम चांगला आहे. पण बाजारात त्याचा अर्थ 'टक्के उतरवून देणे' असा झाला आहे. 'शेतकरी'चा 'कृषीवल' करायचा, 'पाऊस'ची 'पर्जन्यवृष्टी' करायची, की उतरले टक्के! चोरी तीच राहते, फक्त भाषा नासते. त्यापेक्षा दुसऱ्याचे वाक्य अवतरणात घालून खाली त्याचे नाव लिहिणे किती सोपे! पण टीप कशी द्यायची हे ज्याला कधी सांगितलेच नाही, तो टीप देणार कशी? तो शब्द बदलून घेतो आणि आपण काही वावगे केले असे त्याला वाटतही नाही.

वास्तविक टीप देणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. गावात कोणी बातमी सांगितली की म्हातारी माणसे पहिल्यांदा विचारतात, "तुला कोणी सांगितलं?" संदर्भसूची म्हणजे याच प्रश्नाचे लेखी उत्तर होय.

आणि इथेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगायचे आहे. आपल्या भागात संशोधन करायचे तर विषयांची वाण नाही. पेणचे मूर्तिकार आहेत, खाडीकाठची मिठागरे आणि खारजमिनी आहेत, रोहा-सुधागडकडचे कातकरी आहेत. १९३३ पासून चाललेला चरीचा शेतकरी संप आहे. महामुंबई सेझच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी बावीस गावांत झालेली जनमतचाचणी आहे. यांची माहिती पुस्तकांत थोडी आणि माणसांच्या तोंडी फार. परंतु रूढ पद्धतींपैकी 'एपीए' ही पद्धत अशी सांगते की प्रत्यक्ष मुलाखत संदर्भसूचीत घालायची नाही. ओघात कंसात तिचा उल्लेख केला की झाले. कारण वाचकाला ती पुन्हा मिळवून तपासता येत नाही. कारण पटते, पण परिणाम काय होतो पाहा. ज्या प्राध्यापकांचे पुस्तक संशोधकाने वरवर चाळले त्यांचे नाव सूचीत झळकते. आणि ज्या मूर्तिकाराने आठ दिवस समोर बसवून माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत सारे समजावले, तो 'एक कारागीर' म्हणून उरतो. पुढे कोणी त्या माहितीचा आधार घेतला की नाव संशोधकाचे लागते, कारागिराचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, नाव छापल्याने माणूस अडचणीत येऊ शकतो. बरोबर आहे. आजारपण, कर्ज, घरातला छळ, मालकाशी भांडण असे काही कोणी विश्वासाने सांगितले असेल तर नाव झाकलेच पाहिजे. पण कला, शेती, औषधी वनस्पती, गावाचा इतिहास हे ज्ञान ज्याने दिले त्याला विचारावे, "काका, तुमचं नाव घालू का?" तो हो म्हणाला तर नाव, गाव, तालुका, मुलाखतीची तारीख अशी रीतसर नोंद 'मौखिक साधने' या मथळ्याखाली, पुस्तकांच्याच तोलाने, व्हावी. ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवले तर तपासता येत नाही ही तक्रारही उरणार नाही.

रोह्याला ज्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते ते चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या आयोगाच्या नियमांनी आपले प्रबंध तोलले जातात, त्याच्या सुरुवातीच्या काळात आपल्याच मातीतला माणूस होता. मग त्या नियमांना आपण घाबरून दूर का राहावे? ते समजून घ्यावेत आणि जिथे अपुरे वाटतात तिथे तसे म्हणावे.

म्हणून प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती. एक, प्रबंधमांडणीचे नियम कारणांसह मराठीत एका पत्रकावर लिहून ग्रंथालयात लावावेत. दोन, आम्हाला दुसऱ्या वर्षालाच दहा पानांचा निबंध टिपा व संदर्भसूचीसह लिहायला लावावा आणि गुण देताना सूची खरोखर तपासावी. तीन, महाविद्यालयाच्या पातळीवरचे प्रकल्प साध्या स्पायरल बाइंडिंगमध्ये स्वीकारावेत आणि सोनेरी अक्षरांसाठी कोणाचा गुण वाढवू नये. चार, मौखिक साधनांना सूचीत जागा द्यावी.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एक काम आपल्याकडे. प्रकल्प पुरा झाला की त्याची एक झेरॉक्स प्रत, ज्याने माहिती दिली त्याच्या घरी नेऊन द्यावी. त्याला वाचता येत नसेल तर त्याचे नाव असलेले पान त्याच्यासमोर वाचून दाखवावे. काही चुकीचे लिहिले गेले असेल तर तो तिथल्या तिथे सांगेल. यंदाच्या प्रकल्पापासूनच याची सुरुवात करायला काय हरकत आहे?