चार आठवड्यांचे परदेश

गेल्या वर्षी वर्षावासातील एका रविवारी आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात एका माजी विद्यार्थिनीने तासभर आपला अनुभव सांगितला. इयत्ता पाचवी ते दहावी ती आपल्याच वसतिगृहात राहिली, पुढे पुण्याला जर्मन भाषा शिकली आणि त्या उन्हाळ्यात जर्मनीतील एका विद्यापीठात चार आठवड्यांच्या भाषावर्गासाठी शिष्यवृत्तीवर जाऊन आली. तिच्या इच्छेवरून तिचे नाव आम्ही येथे देत नाही. तिचे बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतील एक पालक उठले आणि त्यांनी विचारले, "पोरी, समदं चांगलं झालं. पण चार आठवड्यांत शिकून काय आलीस? नोकरी लागंल का त्याच्यावर?" सभागृहात थोडी कुजबुज झाली. आम्ही शिक्षक मंडळी मात्र गप्प राहिलो. प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ते उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

इतिहासाच्या शिक्षकाने उत्तर शोधावे ते इतिहासातच. बाबासाहेबांचे परदेशी शिक्षण म्हटले की न्यूयॉर्क आणि लंडन ही दोन नावे आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. तिसरे नाव सहसा कोणी घेत नाही. ते आहे जर्मनीतील बॉन. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचे काम चालू असतानाच बाबासाहेबांनी जर्मनीत शिकण्याची परवानगी मागणारा अर्ज जर्मन भाषेत लिहून पाठविला, आणि १९२२ च्या उन्हाळी सत्रासाठी बॉन विद्यापीठाच्या पटावर त्यांचे नाव नोंदले गेले. हे शिक्षण पूर्ण झाले नाही. वर्गांतील हजेरीअभावी ते नाव पुढे पटावरून कमी झाले. बाबासाहेब लंडनच्या प्रबंधाकडे वळले आणि १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. ही पदवी मिळविली.

बॉनहून बाबासाहेबांनी पदवी आणली नाही, प्रमाणपत्रही आणले नाही. तरी त्या उन्हाळ्याला वाया गेलेला म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? एका भाषेसाठी, एका नव्या विद्यापीठासाठी माणसाने आपली मर्यादा ताणून पाहिली, हेच त्याचे मोल आहे. अशी मोकळीक मात्र आपण आपल्या मुलांना देत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याने जे हाती घेतले ते पूर्ण केलेच पाहिजे, त्याचा दाखला मिळालाच पाहिजे, दाखल्यावर नोकरी लागलीच पाहिजे, असा आपला हिशेब असतो. गरिबीने शिकविलेला हा हिशेब आहे, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. परंतु सुखवस्तू घरातील मुलाला एक उन्हाळा नुसते पाहून, ऐकून, चाचपून येण्याची जी मुभा असते, ती आपल्या मुलांना कधी मिळणार, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

आता त्या मुलीने सांगितलेला एक प्रसंग. वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाविषयी दहा मिनिटे जर्मनमध्ये बोलायचे होते. तिचे आईवडील भूम तालुक्यातील एका वस्तीत राहतात आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. गावाविषयी काय सांगावे, या विचारात तिने एक रात्र घालविली. मग तिला आठवीतील आपली सहल आठवली. आपण मुलांना दरवर्षी तेरला नेतो, लामतुरे वस्तुसंग्रहालय दाखवितो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या नगराचे नाव येते. येथील माल बैलगाड्यांनी भडोच बंदरात जाई आणि तेथून समुद्रमार्गे पश्चिमेकडे. येथे स्तूपाचे अवशेष सापडले आहेत आणि हस्तिदंताची ती प्रसिद्ध बाहुलीही येथलीच. मुलीने वर्गात या बाहुलीविषयी सांगितले. तेव्हा एक इटालियन विद्यार्थी म्हणाला की, अशीच एक भारतीय बाहुली आमच्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तो म्हणाला ते खरे आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली ती मूर्ती सापडली.

त्यानंतर शिक्षिकेने विचारले, "आणि आज तुमच्या गावातले लोक काय करतात?" मुलगी म्हणाली, "माझे आईवडील दुसऱ्याच्या शेतातला ऊस तोडतात." आम्हांला तिने सांगितले, "सर, हे वाक्य मी पुण्यात पाच वर्षांत एकदाही मोठ्याने बोलले नव्हते. मराठीत मला ते जमलेच नसते. तिथे बोलले, आणि कोणी आडनाव विचारले नाही."

त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला या वाक्यात सापडते. बाबासाहेबांनी आपल्या आत्मपर टिपणांत लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर राहायचे कोठे, हा प्रश्न पडला तेव्हा ती पुन्हा जागी झाली. नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत उतरले, तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि एवढा विद्वान माणूस सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून राहिला. हा प्रसंग आपण दर जयंतीला सांगतो. सांगताना अपमानावर भर देतो, तो स्वाभाविकच आहे. पण त्याच्या आधीचा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. जातीचे ओझे नसलेले जगणे कसे असते ते त्यांनी अनुभवले होते, म्हणून ते ओझे नैसर्गिक नाही, माणसाने लादलेले आहे, हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होते. बाबासाहेबांना यासाठी पाच वर्षे मिळाली, आपल्या मुलीला चार आठवडे मिळाले. काळाची तुलना होऊ शकत नाही, अनुभवाची जात मात्र एकच आहे.

परदेशाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आपली माणसे जातात तेथे जातही सामानात बांधून नेतात. अमेरिकेतील सिएटल शहराच्या नगरपरिषदेला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजावे. तेव्हा मुलांना पाठवायचे ते डोळे उघडे ठेवून.

दुसरा आक्षेप पैशाचा. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत, त्या पदव्युत्तर आणि पीएच. डी. अभ्यासासाठी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारताचा इतिहास, संस्कृती व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. आपल्याच समाजाचा इतिहास परदेशात जाऊन अभ्यासण्याचा आमच्या मुलांचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला, याविषयी आपण पुरेसे बोललो नाही. उन्हाळ्यातील छोट्या अभ्यासक्रमांना तर या योजनांत स्थानच नाही. ते एक तर पालकांच्या खिशातून होतात, नाही तर जर्मनीच्या 'डाड'सारख्या संस्थांच्या शिष्यवृत्तीतून. या 'डाड'चे मुख्यालय त्याच बॉन शहरात आहे. तेथील उन्हाळी भाषावर्गाच्या शिष्यवृत्तीसाठी थोडीफार जर्मन आधी यावी लागते, आणि जर्मन येण्यासाठी कोणी तरी आधी वाट दाखवावी लागते.

खरी अडचण मात्र विमानतळाच्या फार अलीकडे असते. या मुलीने पासपोर्टचा अर्ज केला तो डिसेंबरात. पोलीस चौकशीला वस्तीवर गेले तेव्हा घराला कुलूप होते. आईवडील दीडशे कोसांवर उसाच्या फडात. दिलेल्या पत्त्यावर कोणी आढळले नाही, असा शेरा पडला. सरपंचांनी व शेजाऱ्यांनी जबाब दिल्यावर काम मार्गी लागले, पण दोन महिने गेले. जन्मतारखेचा गोंधळ निराळाच. तिच्या जन्मदाखल्यावर श्रावणातली तारीख होती आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून. ती १ जून कोणी लिहिली? आमच्यासारख्या शिक्षकांनीच. गावोगावच्या शाळांत दाखल होताना ज्या मुलाची तारीख आईबापांना सांगता आली नाही, त्याला आपण १ जून बहाल करीत आलो. ती चूक आमची आहे आणि ती दुरुस्त करणेही आमचेच काम आहे.

शिष्यवृत्तीची रक्कम तेथे पोहोचल्यावर हाती येणार होती. तिकीट, विमा आणि व्हिसा यांची तजवीज आधी करायची होती. ती आपल्या अकरा माजी विद्यार्थ्यांनी केली. त्यांत एस. टी.चे एक वाहक आहेत, दोन शिक्षिका आहेत, चाकणच्या एका कारखान्यातील फिटर आहेत. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत त्यांच्या गाठीशी होती. मागे कोणी तरी उभे राहिल्याशिवाय आपल्यातील कोणीही समुद्र ओलांडलेला नाही.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, दहावीची परीक्षा संपताच प्रत्येक मुलाची जन्मनोंद, आधार आणि शाळेचा दाखला यांतील नाव व तारीख जुळवून द्यावी. दुसरी, अकरावीपासून पुढे जाणाऱ्या इच्छुक मुलांचे पासपोर्ट पावसाळ्यात, आईवडील घरी असताना काढावेत आणि त्याचा खर्च माजी विद्यार्थी संघाने उचलावा. तिसरी, परत येणाऱ्या प्रत्येकाने वसतिगृहात येऊन मुलांसमोर बोलावे आणि मागून येणाऱ्या एका मुलाचा अर्ज स्वतः भरून द्यावा. वसतिगृहाची पाण्याची टाकी गळते आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. टाकी झालीच पाहिजे. पण टाकी की परदेश, असा वाद घालून आपण दोन्ही गमावू नयेत.

तिसरी सूचना आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद मागितली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, ते आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. कोलंबिया आणि लंडन पाहिलेला माणूस एका खेड्यात वतनाच्या गुलामीविषयी बोलायला येतो, तेव्हा शिक्षणाचे वर्तुळ पूर्ण होते. शिकलेली माणसे समाजाकडे पाठ फिरवितात, ही त्यांची अखेरच्या वर्षातील खंत आपणही विसरू नये.

मागच्या रांगेतील त्या दादांना आमचे उत्तर असे : चार आठवड्यांवर नोकरी लागत नाही. पण त्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर सातवीतील तुमचीच मुलगी तिच्याजवळ गेली आणि जर्मन भाषेत आपले नाव कसे लिहितात ते वहीत लिहून घेऊन आली. ती वही एकदा पाहावी, ही विनंती. जय भीम.