चकवा

मुलांनो,

आमच्या बाभुळगावच्या वर्गात भुताची गोष्ट सांगा म्हटलं, की निम्मे हात चकव्यासाठी वर होतात. पऱ्हाटीच्या शेतातून रात्री घरी निघालेला माणूस चालतो, चालतो आणि फिरून त्याच बाभळीखाली येतो. भूत कुठंच दिसत नाही. झाड तेच, वाट तीच. म्हणूनच तर अंगावर काटा येतो, नाही का?

गंमत म्हणजे, फिरून तिथंच येणं अगदी खरं आहे बरं का! जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माणसांना घनदाट जंगलात सरळ चालायला सांगितलं. ऊन होतं तेव्हा ती सरळ गेली. आभाळ भरलं तेव्हा मात्र गोल गोल फिरली, आणि आपलीच वाट आपण ओलांडतोय हेही त्यांना कळलं नाही. सहारा वाळवंटात एक जण रात्री चालला. चंद्र होता तोवर सरळ. चंद्र ढगाआड जाताच वळत वळत आला त्याच दिशेला परतला! हे प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. दूरची खूण दिसेनाशी झाली, की पावलागणिक होणारी बारीकशी चूक साठत जाते. हाच चकवा!

निसर्गातली भीती कथेत कशी येते, ते अल्जरनॉन ब्लॅकवुड या इंग्रज लेखकाच्या १९०७ सालच्या ‘द विलोज’मध्ये दिसतं. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचं झाड. दोन मित्र होडीतून डॅन्यूब नदीत निघतात आणि पूर आलेला असताना एका वाळूच्या बेटावर मुक्काम करतात. बेट पाण्यानं झिजतंय. वारा सुटलाय. आणि सकाळी वाटतं, ही झाडं रात्रीतून जवळ सरकली की काय? पुढचं सांगत नाही! मराठीतही नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांनी अशा भय आणि गूढ कथा लिहिल्या. थोडे मोठे झालात की जरूर वाचा.

गोष्टीतली भीती गोड लागते. पण खरोखर अंधारात वाट चुकलात, तर घाबरून धावत सुटू नका. एका जागी थांबा, हाका मारा, उजाडू द्या. धावणारा आणखी दूर जातो. थांबलेला लवकर सापडतो.

आता तुमचं काम. संध्याकाळी अंगणातूनच एखादं झाड नीट पाहा आणि भूत न आणता भीतीची गोष्ट लिहा. लिहाल ना?

तुमच्या बाई