डायलॉग कोणी मारला? कोणाला मारला?



आज निबंध नाही, कृतिपत्रिकाही नाही. आज थोडं माझ्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. ही चूक तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वर्गात होत असेल असं मला वाटतं, म्हणून लिहिते.

मी आधी पाच वर्षं मुरबाड तालुक्यात होते, आता शहापूर तालुक्यात आहे. पाड्यावरची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. रोजचा परिपाठ असतोच. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बोधकथा आणि सुविचार. सुविचाराचं काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. सोमवारी "नेहमी खरे बोलावे", मंगळवारी "वेळ अमूल्य आहे", आणि पुढच्या सोमवारी पुन्हा "नेहमी खरे बोलावे". मुलं ते वाचतात, पुसतात, विसरतात. पण हीच मुलं घरी पाहिलेल्या सिनेमातला डायलॉग मात्र आवाजासकट, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवतात. मग मला वाटलं, डायलॉगच घेऊया की सुविचार म्हणून! मुलांच्या आवडीतून शिक्षण, डी.एड.ला आपण हेच तर शिकलो.

कल्पना हिट झाली. मुलं रांगेत उभी राहून आपली पाळी कधी येते याची वाट बघू लागली. आणि जुलैमधल्या एका सकाळी चौथीतल्या एका मुलीने छाती पुढे काढून म्हटलं, "जो डर गया, समझो मर गया!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एरवी नाव विचारलं तरी ओढणीत तोंड लपवणारी ती पोरगी, तिचा आवाज ऐकूनच मला भरून आलं होतं. मी ते वाक्य रंगीत खडूने फळ्यावर लिहिलं आणि खाली "निर्भय बना" असंही लिहिलं.

तो फळा आठवडाभर तसाच राहिला. आवणीचे दिवस होते, निम्मी मुलं शेतावर, कोण पुसणार?

त्याच आठवड्यात एका दुपारी पावसाने असा जोर धरला की शाळा लवकर सोडावी लागली. पलीकडच्या पाड्यावरची मुलं ज्या ओढ्यावरून जातात, तिथे नुसती फरशी आहे. पाणी फरशीवरून वाहत होतं. मुलं शहाणी होती, ती अलीकडेच थांबली. थांबायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, पावसाळ्यात त्यांचं सगळं बालपण अशाच फरशांच्या अलीकडे थांबून गेलेलं असतं. तेवढ्यात एकाने दुसऱ्याला तो डायलॉग मारला. मग तिसऱ्याने. मग सगळ्यांनी मिळून चौथीतल्या एका मुलाला. आणि तो उतरला.

फार काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. चप्पल वाहून गेली, पाय सटकला, आणि शेतावरून परतणाऱ्या एका माणसाने त्याला दप्तराच्या पट्ट्याला धरून ओढून काढलं. गुडघे फुटले, पुस्तकं भिजली. पण दप्तर पाठीवर नसतं तर? हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आजी शाळेत आली. ओरडली नाही. फळ्याकडे बोट दाखवून तिने एवढंच विचारलं, "फल्यावर काय लिवलंय ता वाचून दाखव ना बाई." तिला वाचता येत नव्हतं, पण तिथे काय आहे हे नातवाने सांगितलेलं होतं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पान्याला घाबराया नको, आसा शिकवतेस व्हय?" आणि निघून गेली.

त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही. मी मुलांना विचारलं, हे वाक्य कोण म्हणतं? "गब्बर!" सगळ्यांना माहीत. कोणाला म्हणतो? शांतता. का म्हणतो? पुन्हा शांतता.

तुम्हीही आठवून बघा. 'शोले' १९७५ चा, रमेश सिप्पींचा, लेखन सलीम-जावेद यांचं. कालियाचं काम आपल्या विजू खोटे यांनी केलेलं. गावाकडे पाठवलेली तीन माणसं हात हलवत परत आलेली असतात. गब्बर पिस्तुलातल्या गोळ्या कमी करतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला लावून चाप ओढतो. तिघंही वाचतात. गब्बर हसायला लागतो, टोळी हसायला लागते, ते तिघंही हसायला लागतात. आणि हसता हसता तो तिघांनाही गोळ्या घालतो. त्यानंतर हे वाक्य येतं.

मी वर्गात पिस्तूल वगैरे दाखवलं नाही, माझ्या हातात फक्त खडू होता. तीन मुलं समोर उभी केली आणि प्रसंग सांगितला. हसण्याचा भाग आला तेव्हा सगळा वर्ग हसला. "ठो" म्हटल्यावर गप्प झाला. मग मागून एका मुलाचा आवाज आला, "मॅडम, पन ते तर तेव्हा घाबरलेलेच नव्हते. हसत होते."

मी इतक्या वेळा 'शोले' पाहिला आहे, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. घाबरलेले असताना ते जिवंत होते. भीती गेली आणि ते मेले. म्हणजे वाक्य ज्या प्रसंगात आहे, तोच प्रसंग त्या वाक्याला खोटं पाडतो! आणि म्हणणारा कोण? ज्याचा सगळा धंदा लोकांच्या घाबरण्यावर चालतो तो माणूस. त्याच्या तोंडचं वाक्य मी "निर्भय बना" म्हणून फळ्यावर लिहिलं होतं.

तेव्हापासून मला ही सवयच लागली आहे म्हणा. 'बाजीगर'मधलं ते प्रसिद्ध वाक्य घ्या, हरून जिंकणाऱ्याला बाजीगर म्हणतात ते. क्रीडा स्पर्धेत मुलं हरली की आपण शिक्षक हमखास हे म्हणतो. केंद्राच्या कबड्डी सामन्यात आमची मुलं हरली तेव्हा मीही म्हटलं आहे. पण सिनेमात तो नायक गाड्यांची शर्यत मुद्दाम हरतो, समोरच्या शेठचा विश्वास जिंकून त्याला बुडवण्यासाठी. पुढे त्याच शेठच्या मुलीला इमारतीवरून ढकलतो. आमची मुलं काही मुद्दाम हरली नव्हती, समोरचा संघ चांगला खेळला म्हणून हरली होती. त्यांना "तुम्ही हरलात, आपली पकड कमी पडते, उद्यापासून सराव करू" असं सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. सांत्वनाला दर वेळी टाळीचं वाक्य कशाला हवं?

(काही वाक्यांतून तर काही काढायलाच जाऊ नये. 'अशी ही बनवाबनवी' येऊन कितीतरी वर्षं झाली, १९८८ चा सिनेमा, तरी "धनंजय माने इथेच राहतात का?" म्हटलं की शिक्षण परिषदेत मागच्या बाकावर झोपलेले सरसुद्धा उठून बसतात. त्यात भाड्याच्या खोलीची अडचण वगैरे शोधता येईल. पण नको. हसावं आणि चहा घ्यावा.)

आता 'सैराट'. २०१६ मध्ये तो आला आणि आर्चीचं ते मराठीत कळत नसेल तर इंग्लिशमध्ये सांगू का, हे वाक्य घराघरात गेलं. मुरबाडच्या शाळेत असताना मी ते पहिलीतल्या एका ठाकर समाजाच्या मुलीला म्हटलं होतं. "वही काढ" असं मी तीनदा सांगितलं, ती नुसती बघत राहिली, आणि माझ्या तोंडून डायलॉग गेला. वर्ग हसला. तीही हसली, सगळे हसतात म्हणून. आपण म्हणतो ना, मुलं किती पटकन विसरतात. ती पुढचे चार दिवस शाळेत आली नाही.

त्या वाक्याची गंमत कशात आहे? एक मुलगी पोरांना, कोणाचीही पर्वा न करता, ठणकावते यात आहे. तेच वाक्य शिक्षिकेने सहा वर्षांच्या मुलीला म्हटलं की उरतो तो फक्त दम. आणि खरी गोष्ट अशी, की त्या मुलीला खरंच "मराठीत" कळत नव्हतं. आपल्या पुस्तकातली मराठी ही तिच्या घरची बोली नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलं आपापली बोली घेऊन शाळेत येतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं. आपण मराठी माध्यम आहे म्हणून निर्धास्त असतो. इंग्लिशमध्ये सांगू का, हे तिला विचारण्यापेक्षा "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" एवढं मी विचारायला हवं होतं. पाचव्या दिवशी ती आली, तेव्हा विचारलं. तिने सांगितलेले शब्द मी एका वहीत लिहून घेतले, ती वही अजून माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, मॅडम सिनेमावर फारच राग काढताय. तसं नाही. एक वाक्य असं आहे की ते मी मुलांना शिकवलं नाही, मुलांनी मला समजावलं.

मुरबाडकडून माळशेजला जाणाऱ्या रस्त्याच्या जवळ आमची शाळा होती. पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्या, आणि वर्षभर अधूनमधून मदत घेऊन येणारे शहरातले गट. माणसं चांगली असतात हो, वह्या देतात, दप्तरं देतात, आम्हाला त्याचा उपयोगही होतो. पण एकदा एक गट घाईत होता. मुलांना रांगेत बसवलं, फोटो काढले, आणि निघताना कोणीतरी पिशवीतली उरलेली चॉकलेटं मैदानावर उधळली. मुलं झेपावली. एक चौथीतला मुलगा जागचा हलला नाही. एक चॉकलेट त्याच्या पायाशी पडलं होतं. पाहुण्यांपैकी एक ताई म्हणाल्या, "घे ना बाळा." त्याने मान हलवली. मीच पुढे होऊन म्हटलं, "अरे घे, लाजतोस काय!" तरीही नाही.

नंतर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हातात दिला असता तर घेतला असता."

त्याने 'दीवार' पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता. तोही १९७५ चाच, सलीम-जावेद यांचाच. बूटपॉलिश करणारा लहान विजय फेकलेलं नाणं उचलत नाही, हातात द्या म्हणतो. मोठा झाल्यावर त्याच माणसासमोर पुन्हा पैसे फेकले जातात तेव्हा तो म्हणतो, "मैं आज भी फेंके हुए पैसे नहीं उठाता." मी लहानपणापासून या वाक्यावर शिट्ट्या ऐकत आले. पण माझ्यासमोर तोच प्रसंग जिवंत घडत होता, आणि मी त्या मुलाला "लाजतोस काय" म्हणत होते!

आता विजय पुढे तस्कर होतो, म्हणजे "कोणी म्हटलं" या माझ्या कसोटीवर तो नापासच व्हायला हवा. पण हे वाक्य तस्कराचं नाहीच, ते त्या बूटपॉलिशवाल्या पोराचं आहे. मोठेपणी तो फक्त त्याची आठवण करून देतो. म्हणूनच नुसतं "कोण" विचारून भागत नाही, "कधी" आणि "कोणाला" हेही विचारावं लागतं.

आणि देणारा कोण, घेणारा कोण, हेही एकदा बघायला हवं. शहापूर तालुक्यातल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आहे. भातसाचंही जातं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसतात. त्या मुंबईतून एखादी गाडी बिस्किटं घेऊन येते तेव्हा आमच्या मुलांनी हात जोडून किती वाकावं, असा प्रश्न मला पडतो. आता मी येणाऱ्या प्रत्येक गटाला आधीच सांगते: वस्तू हातात द्या, मुलाचं नाव विचारून द्या, आणि फोटो नंतर. एक-दोघांना राग आला. बाकीच्यांनी ऐकलं.

पालकहो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मुलगा मोबाइलवर डायलॉग म्हणून दाखवतो, तुम्ही त्याचा व्हिडिओ काढता, स्टेटसला ठेवता. ठेवा. पण त्या आधी दोन मिनिटं त्याला विचारा, हे कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, मग पुढे काय होतं. त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा, तुम्हाला माहीत नसेल तर दोघं मिळून तो प्रसंग बघा.

आमच्या परिपाठात आता सुविचार झाला की हेच तीन प्रश्न होतात. याची किंमत मलाही मोजावी लागते. मागच्या महिन्यात मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एक छानसं वाक्य फळ्यावर लिहिलं, यश आणि कष्ट यांच्याबद्दलचं. खाली एका थोर माणसाचं नाव होतं, तेही लिहिलं. तीच चौथीतली मुलगी, गब्बरवाली, उभी राहिली. "मॅडम, हे त्यांनी कोणाला सांगितलं होतं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी ते खरंच म्हटलं होतं का, हेही मला माहीत नव्हतं. मी डस्टर तिच्या हातात दिलं. त्या दिवशी आमच्या फळ्यावर फक्त वार, तारीख आणि पट लिहिलेला होता.