ब्रेक दिसला, बोटे वळली नाहीत

डिसेंबर लागला की आमच्या अंगणात अजानच्याही आधी किक मारल्याचा आवाज येतो. गाडी जुनी, चोकवाली. आठ-दहा किका मारल्या की खोकत खोकत सुरू होते. मुलांचे अब्बू फळे विकतात. पहाटे जामखेडला जायचे, फजर तिथल्याच मशिदीत पढायची, माल उचलायचा आणि ऊन पडायच्या आत खर्ड्यात गाडा लावायचा. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. सतरा वर्षे हे चालले आहे. थंडीचा विषय निघाला की त्यांचे उत्तर ठरलेले, "आदत हो गई अब."

गेल्या हिवाळ्यात ती आदत उपयोगी पडली नाही. जामखेडच्या वाटेवर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी होती. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. यांना ती दिसली. वेळेवर दिसली, हे ते आजही शपथेवर सांगतात. पण ब्रेक दाबायला बोटे वळेनात. गाडी खडीत उतरली, घसरली, कोपर सोलले. ट्रॉलीला लागले नाहीत, अल्लाहचे लाख शुक्र. घरी आल्यावर मी चहा दिला तर कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायले. म्हणाले, "ब्रेक दिखा, पर उंगलियां मुडीच नहीं. हाथ मेरे थे, पर मेरे नहीं थे."

मला थंडीची भीती सर्दी-खोकल्यापुरतीच होती. त्या दिवसापासून मी याची नीट माहिती काढू लागले.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत. भोवती उघडे माळरान, वारा अडवायला झाड नाही. दर हिवाळ्यात थंडीच्या बातमीत निफाडसोबत आमच्या नगरचे नाव असतेच. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, थंडी तीच राहिली. पण बातमीतला आकडा असतो उभ्या माणसाचा. पारा 10 अंशांवर असेल आणि गाडी 50 च्या वेगाने पळत असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी साधारण 5-6 अंशांची लागते. आपल्या अंगाभोवती स्वतःच्या उबेचा एक पातळ थर असतो, तो वारा सतत ओरबाडून नेतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी 1940 च्या सुमारास अंटार्क्टिकात पाण्याने भरलेले नळकांडे वाऱ्यात टांगून, ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजले होते. आमच्याकडे तो प्रयोग रोज पहाटे चालतो, नळकांड्याच्या जागी माणूस असतो एवढेच.

पुढची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. अंग गार पडू लागले की शरीर आधी काळीज, फुप्फुसे सांभाळते आणि हातापायांचे रक्त कमी करते. म्हणजे बोटे गारठतात ती नुसती हातमोजे नाहीत म्हणून नाही, छाती उघडी आहे म्हणूनही. बोटांची कातडी 15 अंशांच्या खाली गेली की पकड मंदावते, स्पर्श कळत नाही. 50 च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. बोटांनी एकच सेकंद उशीर केला, तरी एक अख्खी ट्रॉली मध्ये मावेल. आणि वाईट हे की दुखणे थांबले म्हणजे सवय झाली असे माणसाला वाटते. खरे तर तेव्हा बोटे बधिर झालेली असतात.

मग आम्ही घरात काही गोष्टी बदलल्या. स्वेटरच्या आत, छातीवर, जुन्या पेपरची घडी. यांना हसू आले. मी सांगितले, घाटातून उतरताना सायकल शर्यतीतले नामांकित खेळाडूही पेपर छातीशी कोंबत आले आहेत. स्वेटरच्या वर वारा न शिरणारे रेनकोटचे जॅकेट. लोकर ऊब धरते, पण वारा तिच्यातून आरपार जातो. हँडलला दूधवाल्यांसारखी रेग्झिनची कव्हरे, फक्त ब्रेकच्या दांडीत अडकत नाहीत ना हे उजेडात पाहून घ्यायचे. वजू केल्यावर हात, पाय आणि दाढीसुद्धा कोरडी पुसूनच गाडीवर बसायचे. ओल्या अंगाला वारा दुप्पट झोंबतो. चामड्याचे मोजे वजू करून चढवले असतील तर एक दिवस-एक रात्र त्यांवर मसह करण्याची सवलत आहे, प्रवाशाला तीन दिवसांची. आमच्या सासूबाईंनी ही आठवण करून दिली, नाहीतर मी विसरलेच होते.

वाटेत एकदा थांबायचे, हीही अट घातली. चहाच्या टपरीवर शेकोटी असते. पण गारठलेली बोटे जाळावर किंवा सायलेन्सरजवळ धरायची नाहीत. बधिर बोटाला भाजलेले कळत नाही, फोड आल्यावर कळते. हात काखेत धरावेत.

सगळ्यात मोठा वाद झाला निघण्याच्या वेळेवरून. मी म्हटले, तासभर उशिरा निघा. ते म्हणाले, उशिरा गेले की उरलेला माल घ्यावा लागतो, तो दुपारपर्यंत काळा पडतो. त्यांचे खरे होते. शिवाय गारठा सर्वात जास्त असतो तो सूर्य उगवण्याच्या सुमाराला, म्हणजे तासाभराने फक्त अंधार कमी होतो. शेवटी गल्लीतल्या आणखी दोघांना सोबत घेऊन डिसेंबर-जानेवारीपुरता टेम्पो ठरवला. भाड्याचा तिसरा हिस्सा पेट्रोलपेक्षा बराच जास्त पडतो. मी शिलाईचे दोन ब्लाउज जास्त घेते. रोज टेम्पो मिळत नाही, तेव्हा गाडी निघतेच.

भगिनींनो, आपल्याबद्दलही थोडे. मागे बसताना शाल, ओढणी, बुरख्याचा घोळ आपण थंडीने सैल गुंडाळतो. तो चाकात गेला तर सावरायला वेळ मिळत नाही. बसण्याआधी टोके खोचा. आणि पोराला पुढे टाकीवर बसवू नका. सगळा वारा ते लेकरू झेलते आणि बाप मागे उबेत असतो, हे मी स्वतः वर्षभर पाहत होते आणि मला त्याचे कौतुक वाटत होते. चार वर्षांखालच्या मुलासाठी चालकाला बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि जास्तीत जास्त 40 चा वेग, असा केंद्र सरकारचा नियम 2022 मध्ये निघाला. तो आमच्या रस्त्यावर पाळताना मी कुणाला पाहिलेले नाही. आम्हीही पट्टा या महिन्यातच आणला.

धाकटी आता आमच्या दोघांच्या मध्ये बसते, अब्बूंच्या पाठीला पट्ट्याने बांधलेली. रुसली आहे. पुढे बसले की तिला किल्ल्याचा बुरूज दिसायचा. 1795 च्या लढाईत निजामाने जिथे आसरा घेतला तोच हा किल्ला, पण तिला त्याचे काय, तिला तिथले पोपट मोजायचे असतात. परवा किल्ल्यापाशी गाडी थांबवून तिला मोजू दिले. अकरा निघाले.