मायक्रोवेव्हला ८७ गुण, डॉक्टरांच्या संगणकाला ४६

गूगल शोधाला ९३ गुण, मायक्रोवेव्हला ८७, एटीएमला ८२. आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातल्या डिजिटल नोंदप्रणालीला दिलेले गुण? ४५.९. वापरायला सोपे किती, हे मोजणारी परीक्षा सगळ्यांसाठी एकच होती. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेले दहा साधे प्रश्न. गुण शून्य ते शंभर आणि ६८ म्हणजे सर्वसाधारण. डॉक्टरांची ही पाहणी २०१९ मध्ये ‘मेयो क्लिनिक प्रोसिडिंग्ज’मध्ये प्रसिद्ध झाली.

‘मोबाइलने लोकांना लाडावून ठेवलंय,’ असा यावर एक ठरलेला बचाव असतो. तो मला पटत नाही. मोबाइलने लाडावले नाही, तुलना करायला शिकवले. घरी चालत्या रिक्षात बसून विजेचे बिल भरणारी परिचारिका कामावर येऊन तोच रक्तदाब तीन ठिकाणी तीनदा भरते. वीस वर्षांपूर्वी ती म्हणाली असती, ‘मला कॉम्प्युटर जमत नाही.’ आज म्हणते, ‘हे नीट बनवलेलंच नाही.’ आणि तिचे बरोबर आहे.

फरक बनवणाऱ्यांच्या हुशारीत नाही, विकत कोण घेतो यात आहे. मोबाइलवरचे अ‍ॅप आवडले नाही तर आपण ते काढून टाकतो, म्हणून बनवणारा आपल्या बोटांकडे लक्ष ठेवून असतो. रुग्णालयाची प्रणाली विकत घेते व्यवस्थापन, वापरतो वॉर्ड. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने अशा प्रणालींसाठी सरकारी पैसा दिला. त्या भराभर बसल्या, पण बिले आणि अहवाल यांच्या सोयीने. २०१६ च्या एका अभ्यासात दिसले, की रुग्णासमोरच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास नोंदी आणि टेबलकामात जातात. २०१९ च्या पाहणीत प्रणालीचा एकेक गुण वाढला तशी डॉक्टर कामाने पिचून जाण्याची शक्यता ३ टक्क्यांनी कमी आढळली. (हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही.)

आपल्याकडे २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते आठवत असेल. दोन जीबी रॅमचे फोन अडकतात, तापतात, ही एक तक्रार. ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत, ही दुसरी. स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप मराठीत चालवणाऱ्या बाईला बाळाचे वजन मात्र इंग्रजीत भरायला सांगितले, तर ती चिडणार नाही तर काय करेल?

मात्र रुग्णालयाचा पडदा थेट खरेदीच्या अ‍ॅपसारखा करा, असे मी म्हणणार नाही. एका बोटात साडी मागवणे ठीक; इन्सुलिनची मात्रा एका बोटात जायला नको. तिथे यंत्राने अडवलेच पाहिजे. पण सध्याच्या प्रणाली जागोजागी अडवतात. औषधांबाबतच्या इशाऱ्यांवरील २००६ च्या एका आढाव्यात, वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टरांनी बाजूला सारलेले आढळले. सतत भुंकणाऱ्या कुत्र्याकडे कोण बघतो? खरा धोक्याचा इशाराही त्याच गर्दीत निघून जातो.

कंटाळलेले कर्मचारी मग आपली वाट शोधतात. एक्स-रेचा फोटो, वर रुग्णाचे नाव, थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. काम होते, रुग्णाची खासगी माहिती कोणाकोणाच्या फोनमध्ये राहिली, याचा पत्ता नाही. त्यावर बंदीचे परिपत्रक निघते. त्याने ना प्रणाली सुधारते, ना फोटो थांबतात.

निविदा काढताना सर्व्हर किती, परवाने किती, हे सगळे विचारले जाते. सही करण्याआधी रात्रपाळीच्या चार परिचारिकांना ती प्रणाली आठवडाभर वापरू द्यावी आणि ब्रुक यांचे दहा प्रश्न विचारावेत. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि प्रश्नावली फुकट मिळते.