बाबासाहेबांचा मूळ विषय आणि आपली मुले

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, अभियंते आहेत, महसूल आणि पोलीस खात्यांत अधिकारीही आहेत. अर्थशास्त्रात पदवीच्या वरच्या वर्षांपर्यंत खोल शिरलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. ही उणीव किरकोळ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. विद्यार्थिदशेत मात्र त्यांनी सर्वाधिक परिश्रम घेतले ते अर्थशास्त्रासाठी. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी या विषयाचे २९ अभ्यासक्रम घेतले, तर इतिहासाचे ११. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. पहिल्या प्रबंधाचा विषय प्रांतिक वित्तव्यवस्थेचे विकेंद्रीकरण, दुसऱ्याचा रुपयाचा प्रश्न. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते हाच विषय शिकवीत असत.

त्यांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरील निबंध पाहावा. जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेती बुडाली, तेव्हा तुकडे जोडावेत, असा त्या काळचा प्रबळ विचार होता. बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. जमीन किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्या परस्पर प्रमाणावरून ठरते. भांडवल तुटपुंजे आणि शेतीवर विसंबलेली माणसे अतोनात, हे खरे दुखणे. म्हणून त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला. उत्पादनाच्या घटकांचे प्रमाण आणि त्यांची सीमांत उत्पादकता हा आज पदवीच्या वरच्या वर्गातील सूक्ष्म अर्थशास्त्राचा भाग आहे. तो शिकलेल्याला या निबंधाचा युक्तिवाद पायरीपायरीने उलगडतो. न शिकलेल्याला त्याचा निष्कर्ष तेवढा पाठ करावा लागतो. आपल्या जयंतीच्या व्याख्यानांत बहुधा हेच घडते.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज धाडण्यात आले. फरक फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची संभाव्यता सांख्यिकीच्या मापाने सुमारे दोन तृतीयांशच भरली. नोकरीत जात आडवी येते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आकड्यांच्या कसोटीवर ते सिद्ध झाले, तेव्हा नाकारणाऱ्यांना उत्तर देणे भाग पडले. ही कसोटी अर्थमितीची. तीही पदवीच्या वरच्या वर्गातच प्रथम भेटते.

अडथळा गणिताचा आहे. दहावी झाली की कला शाखेकडे वळणारी आपली बहुतेक मुले गणिताला रामराम ठोकतात. पुढे गाईड वाचून अर्थशास्त्राची पदवी मिळतेही. परंतु कलन आणि सांख्यिकी यांवाचून वरचा दरवाजा उघडत नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी बारावीला गणित असणे आवश्यक आहे. सोळाव्या वर्षी, कोणी समजावून न सांगता घेतलेला निर्णय मुलांना विसाव्या वर्षी भोवतो.

त्यात आता चार वर्षांच्या पदवीची भर पडली आहे. तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येते. संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवून चौथे वर्ष शिकावे लागते. ज्या घरात तिसऱ्या वर्षानंतर कमाईची वाट पाहिली जाते, त्या घरातील मुलगी चौथ्या वर्षाला थांबेल काय? गुण असूनही ती बाहेर पडली, तर नव्या रचनेतही वरचा मजला इतरांचाच राहील.

पालक विचारतात, यातून नोकरी कोणती? प्रश्न रास्त आहे. संघ लोकसेवा आयोग भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा घेतो. तिला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातही अधिकारी नेमले जातात. शिवाय अनुसूचित जातींसाठी अर्थसंकल्पात किती तरतूद झाली, किती खर्च झाली आणि किती अन्यत्र वळली, हे वाचून सांगणारे आपल्यातलेच कोणी असायला नको काय? मोर्चात मागणी मांडता येते. तिचा हिशेब मांडायला प्रशिक्षित माणूस लागतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तीन सूचना करतो. आठवीपासून वसतिगृहात रोज संध्याकाळी गणिताचा एक तास व्हावा आणि गणित जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तो आळीपाळीने घ्यावा. अकरावीच्या प्रवेशापूर्वी प्रत्येक मुलाला व त्याच्या पालकांना समोर बसवून गणित सोडण्याचे परिणाम समजावून सांगावेत. आणि माजी विद्यार्थ्यांनी एक निधी उभारून चौथ्या वर्षाला थांबणाऱ्या निदान दोन विद्यार्थ्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च उचलावा. दोन हा आकडा लहान वाटेल. पण सुरुवात तेवढ्यानेही होईल, आणि ती येत्या जूनपासूनच व्हावी.